विश्लेषण : मैदान रिकामे, वाद जोरात! बेसबॉलचा हिवाळी बाजार इतका का तापतो?

८ डिसेंबर २०२३. दक्षिण कॅलिफोर्नियातून एक खासगी विमान टोरांटोकडे निघाले आणि हजारो बेसबॉलप्रेमी मोबाइलच्या पडद्यावर त्याचा ठिपका सरकताना पाहत बसले. जपानचा शोहेई ओहतानी त्यात बसला आहे आणि टोरांटो ब्लू जेजशी करार करायला निघाला आहे, अशी बातमी पसरली होती. विमान उतरले. बाहेर आला तो कॅनडातील एक उद्योजक, सहकुटुंब. दुसऱ्याच दिवशी ओहतानीने आपण लॉस एंजेलिस डॉजर्सकडे जात असल्याचे स्वतः जाहीर केले.

टोरांटोकर हे विसरले नाहीत. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच दोन संघांची गाठ पडली, तेव्हा पहिल्या सामन्यात ओहतानी फलंदाजीला येताच ‘आम्हाला तुझी गरज नाही’ अशा घोषणांनी स्टेडियम दणाणले. तो सामना टोरांटोने जिंकला. पण सातवा आणि निर्णायक सामना डॉजर्सने, तोही टोरांटोच्याच मैदानावर. त्यानंतर या जानेवारीत हिवाळी बाजारातला सर्वात मोठा फलंदाज काइल टकर याच्यासाठीही टोरांटो शर्यतीत होते. तोही चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर घेऊन डॉजर्सकडेच गेला. तेव्हापासून अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींमध्ये जो वाद पेटला आहे, तो एका खेळाडूपुरता उरलेला नाही.

‘हॉट स्टोव्ह’ म्हणजे काय?

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला विजेता ठरतो. मग फेब्रुवारीपर्यंत चेंडू दिसत नाही. पूर्वी या थंडीत गावातल्या दुकानातील शेगडीभोवती माणसे जमायची आणि कोणाला घ्यावे, कोणाला सोडावे यावर तास घालवायची. त्यावरून या काळाला ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे नाव पडले. आपल्याकडच्या शेकोटीचाच हा प्रकार. शेगडी गेली, तिच्या जागी फोन आला, एवढाच फरक. डिसेंबरात सर्व ३० संघांचे अधिकारी आणि खेळाडूंचे एजंट ‘विंटर मीटिंग्ज’साठी एकत्र जमतात. तिथल्या हॉटेलच्या लॉबीत कोण कोणाशी बोलले, यावरही बातम्या होतात.

आयपीएल लिलावापेक्षा हे वेगळे कसे?

आयपीएलच्या लिलावात खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. बोली जिंकेल तो संघ त्याला घेतो. बेसबॉलमध्ये करार संपून मोकळा झालेला खेळाडू, म्हणजे ‘फ्री एजंट’, स्वतः ठरवतो. प्रस्ताव अनेक येतात. पैसा, वर्षे, शहर, कुटुंब असे सगळे पाहून तो एक स्वीकारतो. म्हणूनच चाहत्याचा राग वेगळा असतो. ‘त्याला दुसऱ्याने नेले’ असे त्याला म्हणता येत नाही, ‘त्याने आम्हाला नाकारले’ असे म्हणावे लागते.

ट्रेडचे याच्या उलट आहे. करार चालू असलेल्या खेळाडूची दोन संघ परस्पर अदलाबदल करतात आणि बहुतेकदा त्याला विचारलेही जात नाही. करारात तसे कलम असेल, किंवा मेजर लीगमध्ये दहा वर्षे काढून त्यातली शेवटची पाच एकाच संघात गेली असतील, तरच त्याला नकार देता येतो.

आकडे पाहिले तर डोळे फिरतात. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोशी १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हाच्या दराने सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये. वर्षाची सरासरी काढली तर ती आयपीएलच्या तीन संघांना त्याच सुमारास मिळालेल्या खर्चमर्यादेपेक्षा (प्रत्येकी १२० कोटी) जास्त भरते.

संघ निवडण्याचा हा हक्क कोणी मिळवून दिला?

तो सहज मिळालेला नाही. ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाच्या कलमामुळे करार संपला तरी खेळाडू जुन्याच क्लबच्या ताब्यात राहायचा. क्लब विकेल तिकडे जायचे किंवा खेळ सोडायचा. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या आउटफिल्डरला फिलाडेल्फियाकडे ट्रेड केले. सेंट लुईसमध्ये त्याने १२ हंगाम काढले होते. जायला त्याने नकार दिला, आयुक्तांना पत्र लिहिले आणि आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असे बजावले. १९७० चा पूर्ण हंगाम तो घरी बसला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली.

पण वाट मोकळी झाली होती. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचर्सनी १९७५ च्या हंगामासाठी करारावर सही केलीच नाही आणि हंगाम संपताच आपण मोकळे असल्याचा दावा केला. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी तो मान्य केला. क्लबमालकांनी साइट्झ यांना लगेच पदावरून काढले, पण निर्णय टिकला.

पुढच्या वाटाघाटींत खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी एक धूर्त तडजोड केली. सगळेच खेळाडू दरवर्षी मोकळे झाले तर बाजारात माल जास्त आणि भाव कमी, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे सहा वर्षे सेवा पूर्ण झाल्यावरच खेळाडू मोकळा होईल असे ठरले. तो नियम आजही आहे आणि हिवाळ्यातले निम्मे वाद त्याच्याच पोटातून निघतात.

सहा वर्षांच्या नियमाने वाद कसे होतात?

पहिली तीन वर्षे खेळाडूला जवळपास किमान वेतनच मिळते. २०२६ साठी ते ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढची तीन वर्षे वेतनाचा वाद लवादापुढे नेता येतो. त्यानंतर मोकळीक. म्हणजे चौथे-पाचवे वर्ष आले की क्लबपुढे प्रश्न उभा राहतो : याला टिकवायचे, की फुकट हातून जाण्याआधी विकायचे?

सोटोचेच पाहा. डॉमिनिकन रिपब्लिकचा हा मुलगा २०१८ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सकडून पदार्पण करतो आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकून देतो. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले. त्याने नाही म्हटले. ऑगस्टमध्ये क्लबने त्याला सॅन दिएगोकडे धाडले. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये घरातले कोणी गेल्यासारखी अवकळा होती. बदल्यात आलेल्यांत सीजे अब्राम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वूड ही तरुण मुले होती. पुढे तिघेही ऑल-स्टार झाले. मग ट्रेड कोण जिंकला? सॅन दिएगोने त्याच वर्षी उपांत्य फेरी गाठली, पण दीड वर्षातच सोटोला न्यूयॉर्क यांकीजकडे दिले. यांकीज २०२४ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले आणि हरले. मग सोटो मोकळा झाला आणि त्याच शहरातल्या मेट्सकडे गेला. यांकीजचा प्रस्तावही ७६ कोटींचा होता, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते.

मे २०२५ मध्ये तो यांकी स्टेडियमवर पाहुणा म्हणून आला, तेव्हा उजव्या बाजूच्या प्रेक्षकांनी त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची झालेली हुर्यो ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सोटो यांकीजकडे एकच हंगाम होता. तरीही एवढा राग!

ओहतानीच्या कराराला ‘पळवाट’ का म्हणतात?

त्याचा करार १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा. पण खेळत असताना त्याला वर्षाला फक्त २० लाख डॉलर मिळतात. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, दरसाल ६.८ कोटींप्रमाणे आणि बिनव्याजी. वीस वर्षांनी हाती येणाऱ्या रुपयाची किंमत आज रुपया नसते, हे मुदत ठेव ठेवणाऱ्या कोणालाही कळते. म्हणून लीगच्या हिशेबात त्याचे वार्षिक वजन सात कोटी नव्हे, सुमारे ४.६ कोटी डॉलर धरले जाते.

या हिशेबाला महत्त्व आहे ते करामुळे. बेसबॉलमध्ये वेतनावर सक्त मर्यादा नाही. आहे तो ‘लक्झरी टॅक्स’. २०२६ साठी उंबरठा २४.४ कोटी डॉलरचा. तो सलग ओलांडत राहिले की दर वाढतो आणि फार पुढे गेल्यास अधिभार लागतो. डॉजर्स सर्वात वरच्या टप्प्यात आहेत. तिथे ११० टक्के कर पडतो. म्हणजे टकरला दिलेल्या एका डॉलरमागे करापोटी आणखी एक डॉलर दहा सेंट. २०२५ चा त्यांचा कर सुमारे १६.९ कोटी डॉलर होता. अनेक संघांचे अख्खे वेतन याहून कमी असते.

‘पळवाट’ हा शब्द मात्र पुरता खरा नाही. उशिरा देण्याची मुभा सर्व ३० क्लबांना आहे आणि त्यासाठीची रक्कम वेळेत बाजूला काढून ठेवावी लागते. प्रकारही जुनाच. मेट्सने बॉबी बोनिया या खेळाडूला ५९ लाख डॉलर देऊन मोकळे करण्याऐवजी आठ टक्के व्याजाने पुढे देण्याचे कबूल केले. त्यामुळे २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याच्या खात्यात सुमारे ११.९ लाख डॉलर जमा होतात. चाहते तो दिवस सणासारखा साजरा करतात, अर्थात मेट्सची टिंगल करत. खरा फरक दुसरीकडे आहे. डॉजर्सने २०१३ मध्ये स्थानिक टीव्ही हक्कांचा २५ वर्षांचा ८३५ कोटी डॉलरचा करार केला. अनेक छोट्या संघांचे सामने दाखवणारी कंपनी मात्र २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पैसा ओतला की जिंकता येते का?

नेहमी नाही. २०२५ मध्ये सोटोने ४३ होमरन मारले, तरी मेट्स प्लेऑफमध्येही पोहोचले नाहीत. सर्वाधिक ९७ विजय मिळवले ते मिलवॉकी ब्रुअर्सने, म्हणजे सर्वात लहान बाजारपेठेतल्या संघाने. मग त्याच ब्रुअर्सना डॉजर्सने ४-० असे धुतले. डॉजर्सने सलग दोन विजेतेपदे मिळवली. असे याआधी यांकीजने १९९८ ते २००० मध्ये केले होते. दोन्ही बाजूंना आपापले दाखले मिळतात, म्हणून हा वाद कधी संपत नाही.

मग छोट्या संघांच्या चाहत्यांनी काय करायचे?

याचे उत्तर पिट्सबर्गमध्ये शोधावे. पायरेट्स हा तोच क्लब, ज्याने २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून पुढे आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन मुलांना करारबद्ध केले होते. पायरेट्सने १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. आज त्यांच्याकडे पॉल स्कीन्स आहे. २०२४ चा सर्वोत्तम नवोदित आणि २०२५ चा नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचर. तो २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होईल. पिट्सबर्गचा चाहता त्याचा प्रत्येक चेंडू पाहताना मनात उरलेली वर्षे मोजतो. ‘हा जाणार’ हे गृहीत धरूनच त्याच्यावर जीव लावायचा.

राग केवळ डॉजर्सवर नाही. क्लबांच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एकत्र करून सर्वांत वाटला जातो. तो पैसा खेळाडूंवर खर्च होतो की मालकाच्या खिशात राहतो, असा प्रश्न पिट्सबर्गच्या स्टेडियममध्ये ‘क्लब विका’ या घोषणेने विचारला जातो. अटलांटा ब्रेव्हजसारखा अपवाद सोडला तर क्लबांचे ताळेबंद लोकांसमोर येत नाहीत. त्यामुळे ‘परवडत नाही’ या मालकांच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याने त्याने ठरवायचे. प्रस्तुत लेखकाला तरी हा दावा वह्या उघडल्याशिवाय पटत नाही.

सक्तीची वेतनमर्यादा येणार का?

अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीत ‘सॅलरी कॅप’ कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. हॉकीत ती आणण्यासाठी २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला. बेसबॉलमध्ये १९९४ मध्ये मालकांनी हा विषय काढला, खेळाडू ऑगस्टमध्ये संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही. तेव्हा ७४ विजय आणि ४० पराभव अशा कामगिरीसह सर्वांत पुढे होता मॉन्ट्रियल एक्स्पोज हा छोटा संघ. संप मिटताच त्याने खर्च परवडत नाही म्हणून चांगले खेळाडू एकामागून एक सोडून दिले. २००५ मध्ये तो संघ शहरच सोडून गेला आणि वॉशिंग्टन नॅशनल्स झाला. तोच, ज्याने पुढे सोटोला विकले.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. मर्यादा हवी म्हणणाऱ्या चाहत्यांची संख्या टकरच्या करारानंतर वाढलेली दिसते; संघटनेचा मात्र तिला पिढ्यानपिढ्यांचा विरोध आहे. मागचा करार डिसेंबर २०२१ मध्ये संपला, तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली आणि ती ९९ दिवस चालली. त्या काळात ना सही झाली, ना ट्रेड. लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंची छायाचित्रेसुद्धा काढून टाकली होती; नावापुढे नुसती राखाडी आकृती दिसायची. पुढच्या डिसेंबरात तोडगा निघाला नाही, तर विंटर मीटिंग्जच्या दिवसांत चाहत्यांसमोर पुन्हा त्याच आकृत्या असतील.