विश्लेषण : म्हाताऱ्या घोड्याच्या उपचारांसाठी निधी कसा उभारतात? एकदाच दिलेली मदत का पुरत नाही?

माथेरानला जाऊन आलेल्या अनेकांच्या फोनमध्ये घोड्यावर बसल्याचा एखादा फोटो असतोच. तो घोडा थकल्यावर त्याचे काय होते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. कमाई थांबते, पण खाणे आणि औषधपाणी थांबत नाही. सोडून दिलेल्या अशा घोड्याला कुणी आसरा दिला की समाजमाध्यमांवर मदतीचे आवाहन येते. हा पैसा नेमका कशासाठी लागतो आणि देण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न आताच का?

माथेरान २००३पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वाहनबंदीमुळे तिथे घोडा हेच अनेकांच्या पोटापाण्याचे साधन राहिले. परवानाधारक घोड्यांची संख्या साधारण ४६० सांगितली जाते. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये सांगितले. ई-रिक्षा वाढल्या तर घोड्यांचे काम घटेल, ही घोडेवाल्यांची जुनी चिंता आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने २०१५मध्ये बेकायदा ठरवल्या, तेव्हाही घोड्यांचे पुढे काय, हा प्रश्न आलाच होता.

खर्च कशावर होतो?

घोडा २५ ते ३० वर्षे जगू शकतो. विशीनंतर तो म्हातारा समजला जातो. त्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात. झीज वेडीवाकडी झाली की टोके गालात रुततात आणि अर्धवट चावलेला चारा तोंडातून गळतो. त्यामुळे वर्षातून एक-दोनदा पशुवैद्यकाकडून दात तपासून कानस लावून घ्यावी लागते. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलावून खूर कापावे लागतात. याशिवाय धनुर्वाताची लस, जंतांचे औषध, सांधेदुखीवरील उपचार. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतो. दात गेले असतील तर तो भिजवून, मऊ करून द्यावा लागतो.

कशेळ्यासारख्या गावात अडचण काय?

कशेळे परिसर भाताचा. पेंढा सहज मिळतो, पण तो घोड्यासाठी निकृष्ट चारा. म्हाताऱ्या घोड्याला तो नीट चावता येत नाही आणि आतड्यात अडकून पोटशूळ उठू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ काही तासांत जिवावर बेततो. पावसाळ्यात चाऱ्याला बुरशी धरते, चिखलात खूर कुजतात. म्हणजे चांगला चारा बाहेरून आणणे आणि कोरडी जागा राखणे, हा खर्च टळत नाही. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मोठ्या उपचारांसाठी मात्र जनावर मुंबईला न्यावे लागू शकते. तेव्हा टेम्पोचे भाडेही निधीतूनच जाते.

मदत कमी कुठे पडते?

जखमी घोड्याचा फोटो पाहून लोक लगेच पैसे पाठवतात. जखम भरली की आवाहन मागे पडते. पण म्हाताऱ्या घोड्याचा मोठा खर्च तिथूनच सुरू होतो आणि तो दरमहा असतो. त्यामुळे दोन खाती वेगळी मांडणे शहाणपणाचे : चारा, खूर आणि औषधांसाठी दरमहा ठरावीक मदत आणि पोटशूळासारख्या प्रसंगासाठी राखीव रक्कम. दरमहा थोडे देणारे वीस जण एकदाच मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

यूपीआय क्रमांक संस्थेचा आहे की व्यक्तीचा, ते पाहा. ‘८०जी’ची करसवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर, जुन्या करप्रणालीतच मिळते, दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर नाही. परदेशातून पैसे घ्यायला संस्थेला ‘एफसीआरए’ परवानगी लागते. पशुवैद्यकाचे निदान, बिले आणि घोड्याचे ताजे फोटो मागायला संकोच नको.

मालकाची जबाबदारी काय?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये. एका दिवसाचा चाराही त्यात येत नाही.

उपचार कधी थांबवायचे?

घोडा उठू शकत नसेल, वेदना आवाक्याबाहेर गेल्या असतील, तर त्याला शांतपणे निरोप देण्याचा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा लागतो. पुरण्यासाठी जेसीबी बोलवावा लागतो, त्याचेही पैसे होतात. हा शेवट आवाहनात आधीच स्पष्ट लिहिलेला बरा. म्हणजे उरलेली रक्कम कुठल्या जनावरासाठी जाईल, हेही देणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते.