पसंतीक्रमाचे मत : पदवीधर व शिक्षक बांधवांसाठी

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून. तेथील प्रांतिक कायदेमंडळाच्या सभासदांनी पसंतीक्रम देऊन, म्हणजेच एकल संक्रमणीय मत पद्धतीने, ही निवड केली. जोगेंद्रनाथ मंडल यांचे त्यात मोठे साहाय्य झाले. हीच पद्धत आज वाशिम जिल्ह्यातील पदवीधर व शिक्षकांच्या हाती आहे. संविधानाच्या कलम १७१ नुसार विधान परिषदेत त्यांना प्रतिनिधित्व मिळते. महाराष्ट्रात ७८ पैकी पदवीधरांच्या ७ व शिक्षकांच्या ७ जागा आहेत. आपला जिल्हा अमरावती विभागाच्या मतदारसंघात येतो.

येथे मतदान यंत्र नसते, मतपत्रिका असते. आवडत्या उमेदवारापुढे १ आणि त्यानंतरच्यांपुढे २, ३ असे अंक लिहावयाचे. एकच जागा असल्यास वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक, हा कोटा.

समजा, वैध मते १०१ आहेत; कोटा ५१. अ ला ४०, ब ला ३५ व क ला २६ मते पडली. कोणीच निवडून आला नाही. मग सर्वांत मागे असलेला क बाद होतो आणि त्याच्या २६ पत्रिकांवरील २ हा अंक पाहतात. त्यांपैकी २० ब ला, ४ अ ला गेल्या. दोहोंवर पुढचा अंकच नव्हता. आता अ ४४, ब ५५. ब विजयी! दुसरी पसंती दिल्याने पहिलीचे काहीही नुकसान होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

२०२० च्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीवर कोणालाच कोटा गाठता आला नाही. पुढच्या पसंतीची मते मोजल्यावर वाशिमचे अपक्ष उमेदवार किरण सरनाईक विजयी झाले.

तरीही सुशिक्षितांचीच मते बाद होतात, याची आम्हांस खंत वाटते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. केंद्रावर दिलेल्या पेननेच लिहावे.
२. १ हा अंक एकाच नावापुढे अवश्य लिहावा.
३. बरोबरची खूण, सही किंवा अक्षरी 'एक' लिहू नये.

आणखी एक. ही मतदार यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागील नोंद चालत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या प्रत्येक बंधू-भगिनीने अर्ज भरावा, शेजाऱ्यालाही भरावयास लावावा, ही आमची नम्र विनंती.