वाटी, चमचा आणि दम

अकोले तालुक्यातली एक वाडी, आषाढाचे दिवस. ओटीवर दीड वर्षाचा पोरगा आजीच्या मांडीवर किरकिरतोय. रात्रीपासून सहा जुलाब झालेत, पहाटे एक उलटी. "तालुक्याला नेऊन सलाइन लावा," आजीने धोशाच लावलाय.

आशाताईंनी पिशवी खाली ठेवली आणि आधी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी झटकन जागेवर गेली. रडताना डोळ्यांत पाणी होतं, जीभ ओली होती. "शीमध्ये रक्त आहे का? नाही ना? मग घरीच बघू. पण पाणीच पिईना, पोटात काही ठरेना किंवा नुसतं झोपून राहिलं, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन."

मग ओआरएसची पुडी निघाली. सून पेल्यात अर्धी पुडी ओतायला निघाली, तशी ताईंनी तिचा हात धरला. "वहिनी, अख्खी पुडी, अख्खं लिटर." मापाला पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली. पाणी उकळून गार केलेलं. पुडीत २०.५ ग्रॅम भुकटी असते: ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम, सायट्रेट. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि औषधच बाधतं. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं.

जुलाबात आतडं बिघडलं तरी ग्लुकोजचा हात धरून मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपांत कालवून ठेवलं. पाजायचं काम रुग्णांच्या नातलगांनी केलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं.

इथे ओटीवरही पाजणं हेच खरं काम आहे. पोरगा वाटीवर तुटून पडला, घटाघटा प्यायला आणि सगळं ओकला. सुनेचा चेहरा पडला. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा मिनिटं काही द्यायचं नाही. मग एक चमचा, जरा दम, पुन्हा एक चमचा. दर जुलाबामागे पाव ते अर्धा कप. अंगावरचं दूध चालू, मऊ भातही चालू.

तेवढ्यात आणखी एक जुलाब झाला. "बघ, थांबलं का?" आजी.

"हे थांबवायला नाही, आजी. गेलं तेवढं भरायला आहे."

जुलाब बहुधा काही दिवसांत आपले आपण थांबतात. झिंकची गोळी मात्र रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. पोर चौथ्या दिवशी खेळायला लागलं की गोळ्या फळीवर पडून राहतात, हे ताईंना पाठ आहे. त्यांनी दारामागे खडूने १४ रेघा ओढल्या. गोळी दिली की एक पुसायची.

ताई निघाल्या तेव्हा सून चुलीकडे वळली होती. वाटी आजीच्या हातात होती. नातवाने चमच्यासाठी तोंड उघडलं, तशी आजी म्हणाली, "दम धर रे, गिळ आधी."