एका मेंढीमागे दीड कोकरू

सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग आणि त्याला लागून असलेला पुणे-सोलापूरचा पट्टा हा दख्खनी मेंढीचा मुलूख. काळपट अंग, जाडीभरडी लोकर, काटक पाय आणि मिळेल त्यावर भागवणारं पोट असं हे जनावर. दिवाळी सरली की इथले अनेक वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचे तांडे, बिऱ्हाड घोड्यावर लादून बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही ऊस आणि बागायतीच्या मुलखात शेतं धुंडाळतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते परततात. या भटकंतीवर ज्यांचं पोट चालतं, त्या धनगर कुटुंबाची मिळकत शेवटी एका आकड्यावर येऊन थांबते: मेंढीच्या एका वेताला कोकरं किती?

दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. जुळं झालं तर वाड्यात त्याची बातमी होते. लोकरीला आता भाव नाही, बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. शेतात मेंढ्या बसवल्याचे पैसे किंवा धान्य मिळतं, पण तो आधार हंगामापुरता. खरा पैसा येतो तो तीन-चार महिन्यांचं कोकरू खाटकाला किंवा लोणंदसारख्या बाजारात विकून. म्हणजे शंभर मेंढ्यांच्या कळपातून मरतूक वजा जाता शंभराच्या आतच कोकरं. मिळकत वाढवायची तर मेंढ्या वाढवायच्या, आणि मेंढ्या वाढवायच्या तर चराई हवी. गायरानं आक्रसली, माळ नांगराखाली गेले, वनखात्याच्या हद्दीत कुंपणं आली. कळप मोठा करण्याची वाट या मुलखात जवळपास बंद झाली आहे.

गेली तीसेक वर्षं फलटणमध्ये चाललेलं काम या कोंडीवर थेट बोट ठेवतं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. मेंढ्या तेवढ्याच ठेवायच्या आणि कोकरं वाढवायची, एवढी साधी त्यामागची कल्पना आहे. ती साधायला मात्र सुंदरबन, ऑस्ट्रेलिया, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि धनगरांचे वाडे इतक्यांची गाठ पडावी लागली.

हे काम बनबिहारी विष्णू निंबकर यांनी 1968 साली फलटणला काढलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं. ही खाजगी, ना-नफा संस्था करडई, गोड ज्वारी, ग्रामीण ऊर्जा अशा विषयांत नावाजली. शेळ्या-मेंढ्यांचं काम निंबकरांची कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी सांभाळलं. बनबिहारींच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. माणसांकडे आणि समाजाकडे बारकाईने पाहण्याची सवय या घरात मुरलेली असावी, असं मेंढीच्या कामाची धाटणी पाहून वाटतं.

आता गोष्ट थोडी मागे न्यावी लागते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाचा मेंढ्यांचा मळा होता. तिथले सीअर्स बंधू जुळी-तिळी होणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वाढवत होते. 1958 साली त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक मेंढा सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला, आणि हेलन न्यूटन टर्नर यांनी या वाणाचा अभ्यास सुरू केला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या परिणामाची ही बेरीज असावी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ध्यानात आलं की एकच जनुक हा सगळा खेळ करतं आहे. मग ते आलं कुठून? टर्नर यांनी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा अठराव्या शतकाच्या शेवटी, 1792-93 च्या सुमाराला, कलकत्त्याहून सिडनीला जहाजाने गेलेल्या लहानखुऱ्या बंगाली मेंढ्यांचा माग लागला.

त्या मेंढ्यांचे वंशज आजही सुंदरबनच्या दलदलीत चरतात. त्यांचं नाव गरोल. पूर्ण वाढलेली मेंढी दहा-पंधरा किलोंची, म्हणजे आपल्या दख्खनीच्या निम्म्याहूनही हलकी. पण एका वेताला दोन, कधी तीन कोकरं देणारी. निंबकरांनी 1990 च्या दशकात गरोल मेंढ्या फलटणला आणल्या आणि दख्खनीशी त्यांचा संकर सुरू केला. 2001 साली तीन वेगवेगळ्या संशोधनगटांनी हे जनुक नेमकं हुडकलं. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर डीएनएच्या एका अक्षराचा बदल. पुढच्याच वर्षी सिद्ध झालं की बुरूला मेरिनोत आणि गरोलमध्ये हा बदल अगदी एकच आहे. बंगालच्या गरीब मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं हे धन जगाला ऑस्ट्रेलियाच्या नावाने माहीत झालं. मूळ धनी कोण, हे त्या दिवशी कागदावर आलं. या साऱ्या कहाणीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

हे जनुक ज्या मेंढीत असतं, तिच्या अंडाशयात एकाच वेळी एकाऐवजी दोन किंवा जास्त बीजं पक्व होतात. मेंढ्याकडे पाहून मात्र काहीच कळत नाही. तो जुळ्यांचा बाप होईल की नाही हे ओळखायला पूर्वी त्याच्या लेकी मोठ्या होऊन विण्याची वाट पाहावी लागे, आणि त्यात तीन-चार वर्षं सहज जात. जनुक सापडल्यावर हे चित्र पालटलं. कोकराच्या मानेतून थोडं रक्त काढायचं, त्यातला जनुकाचा नेमका तुकडा प्रयोगशाळेत कोट्यवधी पटींनी वाढवायचा आणि त्यावर एक विकर सोडायचं. अक्षर बदललेलं असेल तर विकर तो तुकडा कापतं, नसेल तर तुकडा अखंड राहतो. जेलवर उमटलेल्या पट्ट्या पाहून कोकराकडे या जनुकाची एक प्रत आहे, दोन आहेत की एकही नाही, हे काही दिवसांत कळतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने डॉ. विद्या गुप्ता यांच्या पुढाकाराने ही चाचणी इथे बसवली. फलटणच्या वाड्यातलं रक्त शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तपासून यायचं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू इंग्लंड आणि मेलबर्न या विद्यापीठांची साथ आणि तिथल्या सरकारी कृषी-संशोधन केंद्राचा पैसा या कामाला मिळाला.

प्रयोगशाळेतलं काम झालं तरी मोठा भाग बाकीच होता. नुसता संकर केला असता तर जुळी देणारी पण किरकोळ अंगाची मेंढी हाती आली असती, आणि किलोवर पैसे मोजणाऱ्या बाजारात ती कुणी घेतली नसती. म्हणून पिढीमागून पिढी दख्खनीकडे परत वळवून गरोलचं फक्त ते एक जनुक तेवढं राखायचं, बाकी अंगकाठी इथल्या मेंढीची ठेवायची, असा मार्ग धरला. मांसासाठी कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचं आणि दुधासाठी इस्रायलच्या अवासीचं रक्तही थोडं मिसळलं. या खटाटोपातून उभा राहिलेला वाण ‘नारी सुवर्णा’ नावाने ओळखला जातो.

या वाणाच्या, जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांना सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात. म्हणजे काही वेतांना एक, काहींना दोन, आणि तिळी क्वचित. धनगराच्या चालत्या कळपात हा आकडा संस्थेच्या गोठ्यातल्यापेक्षा थोडा कमी भरतो. एका प्रतीवर थांबण्याचा हा संयम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दोन प्रती असलेली मेंढी आणखी बीजं सोडते, पण तिळी-चौळी कोकरं अशक्त निघतात, आईचं दूध पुरत नाही आणि वाढलेली कोकरं मरतुकीत जातात. म्हणून संस्थेने जो आराखडा आखला, त्यात मेंढा दोन प्रतींचा द्यायचा. त्याची प्रत्येक लेक हमखास एक प्रत घेऊन जन्मते, म्हणजे कळपाला नेमकं झेपेल तेवढंच वाण मिळतं. पैदाशीचं शास्त्र आणि धनगराची ऐपत यांचा असा मेळ बसलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

मेंढीच्या पैदाशीत गायीसारखी गोठवलेल्या वीर्याची सोय सहजी चालत नाही. मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड वळणावळणाचं असतं, नळी आतवर पोचत नाही, आणि पोटाला छेद देऊन दुर्बिणीने रेतन करणं उघड्या माळावर परवडणारं नाही. त्यामुळे मेंढाच कळपात सोडावा लागतो. संस्थेने मेंढे मेंढपाळांच्या कळपांत दिले, मेंढ्यांच्या कानांना बिल्ले मारले, कोण कधी व्याली, कोकरं किती जगली याच्या नोंदी वाड्यावर जाऊन ठेवल्या. यात यंत्र नाही, वीज नाही, दुरुस्तीला मेस्त्री नाही. सगळं तंत्रज्ञान जनावराच्या अंगात भरलेलं, आणि ते धनगराबरोबर घाट चढतं-उतरतं. पुढची पिढी त्याच्याच वाघरीत, जाळ्याच्या कुंपणात, जन्मते.

महाराष्ट्रात मेंढीसुधारणेचे प्रयत्न यापूर्वीही झाले. परदेशी मेंढ्यांचं रक्त घालून लोकर मऊ आणि भरघोस करण्याचे कार्यक्रम सरकारने बराच काळ चालवले. मऊ लोकरीची ती जनावरं इथल्या उन्हात आणि काट्याकुट्यांत टिकली नाहीत, आणि धनगराच्या हिशेबात लोकर मुळातच मागे पडली होती. उत्तर भलत्याच प्रश्नाचं होतं. राज्यात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या, आणि त्यांच्या मालकांना काय हवं हे त्यांना विचारूनच कळलं असतं. फलटणच्या संस्थेचा गोठा वाड्यांना लागून होता, तिथले लोक ओळखीचे होते, म्हणून तो प्रश्न तिथे बरोबर पडला. प्रादेशिक संशोधन संस्था कशाला हव्यात, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

आता याच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ती बोलली जात नाही. जुळं झालं की वाड्यातलं काम वाढतं आणि ते बाईच्या वाट्याला येतं. पुरुष कळप घेऊन चरायला जातो. तळावर राहिलेल्या कोकरांचं पाहायचं, ज्याला आई नीट पाजत नाही त्याला दुसऱ्या मेंढीखाली धरायचं, तीही लाथ मारू लागली तर तिचा पाय धरून पाजून घ्यायचं. कळपात चार शेळ्या असतात, त्यांचं दूध कमजोर कोकराच्या तोंडात घालायचं. तळ हलवायच्या दिवशी चालता न येणारी कोकरं घोड्यावरच्या सामानात जपून न्यायची. पाणी, चूल, पोरं हे सगळं आहेच. एका वेताला दुसरं कोकरू आलं की यातला जवळजवळ प्रत्येक घास दुप्पट भरवावा लागतो. मिळकत वाढल्याचा हिशेब मांडताना हे श्रम कुठल्याच रकान्यात येत नाहीत. यायला हवेत.

शिवाय दोन कोकरं पाजणाऱ्या मेंढीला व्यायच्या आधीचा शेवटचा महिना-दीड महिना आणि नंतरचे काही आठवडे वरचा खुराक लागतो. मका, शेंगपेंड, सुका पाला, जे जमेल ते. दुष्काळात हा खर्च कोण करणार? ज्याच्याकडे साठवायला जागा नाही आणि रोख पैसा नाही, तो जुळ्यांपैकी एक गमावतो, आणि मग त्याला हा वाण नकोसा होतो. आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांची लस वेळेवर न मिळाल्यास तेच. लस देशात तयार होते, स्वस्तही आहे. पण कळप तालुक्याबाहेर गेला की तो कोणत्या दवाखान्याच्या यादीत बसतो, हा घोळ अजून सुटलेला नाही. कोकणात उतरलेल्या कळपाची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही.

नोव्हेंबर 2008 मध्ये पुण्यात जुळ्यांच्या या जनुकाच्या वापरावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि देशोदेशीचे तज्ज्ञ आले. धनगरांच्या चालत्या कळपात जाऊन हे काम करणारे फलटणकरच, आणि हा मान त्यांना मिळायला हवा. पण त्यानंतरच्या काळात वाणाचा प्रसार त्याच्या गुणांच्या मानाने फार संथ झाला, असं मला वाटतं. एक ना-नफा संस्था किती मेंढे वाढवणार आणि किती कळपांच्या नोंदी ठेवणार? पैदाशीचे मेंढे तयार करणारे कळप जिल्ह्याजिल्ह्यात उभे करणं, त्यांची रक्ततपासणी सरकारी खर्चाने करणं, हे काम पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळासारख्या यंत्रणेने मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. तपासणी मध्येच थांबली तर काय होतं, हेही सांगायला हवं. जनुक नसलेले स्थानिक मेंढे कळपात मिसळतात, प्रत्येक पिढीला प्रत अर्ध्याच लेकींना मिळते, आणि काही वर्षांत वाण विरून जातो.

रक्त काढायला पशुवैद्यच लागतो असं नाही. दहावी-बारावी झालेली धनगराची पोरं आणि पोरी कानातले बिल्ले वाचू शकतात, मोबाइलवर विण्याची नोंद भरू शकतात, नमुना काढून शीतपेटीत ठेवू शकतात. वाड्याबरोबर फिरणारा असा एकेक माणूस नेमला तर लसही वेळेवर पोचेल, कळप कोणत्या गावात आहे हेही कळेल आणि दोन प्रतींचा मेंढा एका वाड्यात दोन-तीन हंगाम वापरून झाला की पुढच्या वाड्याला देता येईल, म्हणजे सख्ख्या लेकींशी त्याची गाठ पडणार नाही. पगार महामंडळाने द्यावा आणि नोंदवही वाड्याच्या ताब्यात असावी. त्या वहीत कोकराच्या वजनाशेजारी एक रकाना पाजणाऱ्या बाईच्या वेळेचाही ठेवावा.