पोहायला शिकवायचे, पण कसे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क बजावला. आज आपल्याच वस्तीतली मुले सुट्टीत खाणीत, विहिरीत उतरतात आणि एखाद्या घरावर दुःख कोसळते. म्हणून मुलगा असो वा मुलगी, त्यांना पोहणे शिकवलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

अडचण पैशाची. आम्ही साधा हिशेब मांडतो. एका शिक्षकाकडे दहा मुले असली, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. तिघे असले तर वीस. एकट्याला पूर्ण तास मिळतो, पण फीचा भारही एकाच घरावर.

पाण्याला फार घाबरणाऱ्या मुलाला सुरुवातीचे काही दिवस स्वतंत्र शिकवणी द्यावी. पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे आणि तरंगणे जमले, की गटात घालावे. न घाबरणाऱ्याला गटच बरा. इतरांचे बघून मूल शिकते. गटात लक्ष पुरत नसेल, तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून शिक्षक ठरवावा.

जवळ महापालिकेचा तलाव असेल, तर आधी तिथे चौकशी करावी. तो आपल्याही कराच्या पैशातून चालतो. एका शिक्षकाकडे मुले किती, जीवरक्षक हजर असतो का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आणि पोहता आले तरी मुलांना एकटे पाण्यात सोडू नये. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही.

जय भीम!