लुगड्याची चुणी, कॉम्प्युटरची दमछाक

अ‍ॅनिमेशनपट बघताना हिरोच्या शर्टाच्या सुरकुत्यांकडे तुम्ही कधी लक्ष दिलंय? नाही ना? म्हणजे त्या जमल्या! माझ्या मामेभावाला आजीचं लुगडं काही जमत नव्हतं.

पुण्यातली नोकरी सोडून पठ्ठ्या शहाद्याला घरी येऊन बसलाय. आजीवर दोन मिनिटांची फिल्म करतोय. सोमवारी ती नव्या स्टुडिओला पाठवायची, म्हणजे नोकरीचाच प्रश्न. मी नंदुरबारला ट्रेनमधून उतरून एसटीने पोचले, तेव्हा स्क्रीनवरची आजी प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळल्यासारखी दिसत होती.

कॉम्प्युटरच्या लेखी कापड म्हणजे ठिपक्यांची जाळी, ठिपक्यांमध्ये स्प्रिंगा. खरं कापड फारसं ताणत नाही, पण वाकतं चटकन. जागा कमी पडली की चुणी पडते ती त्यामुळेच. गंमत अशी, की न ताणणाऱ्या कडक स्प्रिंगांनी गणित बिघडतं आणि कापड चक्क उधळतं. मग हिशेब अगदी बारीक टप्प्यांनी करत बसा! डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी मोठे टप्पे घेऊनही कापड शाबूत ठेवायची रीत मांडली जुलै १९९८ मध्ये. (नंदुरबार जिल्हा झाला तोही त्याच महिन्यात. योगायोग!) पुढे २००६ मध्ये कापडाच्या कामासाठी या दोघांना मायकल कासबरोबर ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पण नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. सेंटिमीटरला एक ठिपका धरला तरी नव्वद हजारांच्या घरात जातात. जाळीच्या घरापेक्षा बारीक चुणी तर पडतच नाही. त्यात कासोटा! थरावर थर, आणि एकही दुसऱ्यात घुसता कामा नये.

आजी मागे येऊन उभी राहिली. "हाई काय शे?"

मग म्हणाली, हे लुगडं दुकानातून आत्ता आणलेलं दिसतंय. माझं धुऊन धुऊन मऊ झालंय. ती समोर उकिडवी बसली, मिरच्या निवडायला बसते तशी. गुडघ्यामागे कापड कसं गोळा होतं ते भावाने मोबाइलवर टिपलं. त्याने वाकण्याचा कडकपणा कमी केला, गुडघ्यापाशी जाळी दाट केली आणि निऱ्यांची घडी हीच कापडाची मूळ अवस्था, असं कॉम्प्युटरला सांगून टाकलं. रात्रभर मशीन घरघरत होतं.

सकाळी आजीने चहाचा कप हातात घेऊन फिल्म पाहिली. लुगडं पसंत. पण पदर डोक्यावरून घसरतोय म्हणाली.

भाऊ पुन्हा खुर्चीत बसला. शनिवार होता.