उसाच्या बिलातून पिस्तूल घेण्याआधी

शाळेच्या नेमबाजी शिबिरातून मुलगी घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, मला पिस्तूल हवं." आपल्या घरी असे झाले तर दचकू नका. तिला हवे आहे ते खेळाचे, हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक मिळवले. अंबाला जिल्ह्यातल्या धीन गावचा सरबज्योत सिंग तर शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरबरोबर हवाई पिस्तुलात ब्राँझपदक पटकावले. तेव्हा हे शहरातल्यांचे वेड म्हणून मुलीला गप्प बसवू नका. पण उसाचे बिल हाती आले म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकान गाठावे, असेही नाही.

आधी कायद्याचे पाहू. आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा कडक आहे. काडतुसाचे पिस्तूल, मग ते खेळाचे .२२ चे का असेना, परवान्याशिवाय घरात ठेवणे हा गुन्हा आहे. हवेच्या पिस्तुलाचे तसे नाही. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि शक्ती २० ज्यूलपर्यंत असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेचे पिस्तूल ४.५ मिलिमीटरचेच असते आणि त्याची शक्ती या मर्यादेच्या निम्मीही नसते. म्हणून आपल्यासारख्याने याच रस्त्याने जावे. खरेदी नोंदणीकृत दुकानातूनच करा, पक्की पावती घ्या आणि ती सातबाऱ्याच्या कागदांसारखी जपा. गावच्या पोलीस पाटलांच्या कानावरही घालून ठेवा. परवाना लागत नसला तरी लांबून पाहणाऱ्याला ते पिस्तूलच दिसते.

आता पिस्तूल कोणते घ्यायचे? सर्वांत स्वस्त मिळते ते स्प्रिंगचे, नळी मोडून भरायचे. जत्रेतले फुगे फोडायला ते ठीक आहे. चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्तूल हलते. ज्या दहाच्या वर्तुळावर नेम धरायचा त्याचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मा. तिथे हे पिस्तूल काय कामाचे! त्यात घातलेले पैसे बुडाले असेच समजा.

दुसरी जात एका दांड्याची. प्रत्येक नेमाआधी दांडा एकदा पूर्ण ओढून दाबायचा, हवा भरते. रशियातल्या इझेव्हस्कचे आयझेडएच-४६ एम या जातीचे. स्वस्त आणि नेमाला पक्के म्हणून त्याचा जगभर बोलबाला झाला. याला टाकी नको, पंप नको, शहराच्या खेपा नकोत. खेड्यातल्या घराला हे सोयीचे. खोट एकच आहे. स्पर्धेत साठ नेम असतात, त्याआधी सरावाचे वेगळे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा हात तेवढे दांडे ओढूनच भरून येतो.

तिसरी जात टाकीची. नळीखालच्या छोट्या टाकीत साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज करा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर इथे चालत नाही. पाणबुडे वापरतात तसा मोठा सिलिंडर किंवा खास हातपंप लागतो, आणि तो खर्च दुकानदार शेवटी सांगतो. स्टायर, मोरिनी, वाल्थर या युरोपातल्या कंपन्यांची नवी पिस्तुले लाखाच्या पुढे जातात. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुलेही कुठे कुठे दिसतात. पण त्या वायूचा दाब उन्हाबरोबर चढतो, थंडीत उतरतो. आपल्याकडच्या वैशाखात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आमचे मत विचाराल तर पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका. क्लबच्या पिस्तुलावर मुलीला शिकू द्या. तोवर घरी पाण्याने भरलेली लिटरची बाटली एका हाताने समोर धरून उभे राहण्याचा सराव होतो. पिस्तुलाला दीड किलोची कमाल मर्यादा आहे आणि ते एकाच हाताने धरायचे असते. सहा महिन्यांनीही ओढ टिकली, तर चांगल्या कंपनीचे वापरलेले पिस्तूल शोधा. नव्या हलक्या मालापेक्षा ते बरे.

ते पाहायला जाताना मुलीला बरोबर न्याच, कारण मूठ तिच्या हातात बसायला हवी. चांगल्या पिस्तुलाची मूठ लाकडी, तळहाताच्या आकाराची असते. डाव्या-उजव्या हाताची आणि लहान-मोठ्या मापाची वेगवेगळी. दुसऱ्याच्या विळ्याने दिवसभर कापणी केली की हाताला फोड येतात, तसेच हे. थोडे कमी-जास्त असेल तर लाकडाची लांबी भरून, कानस मारून जमवता येते. गावचा सुतारही ते करील. पण माप मुळातच मोठे असेल तर सोडून द्या.

सोबत अर्ध्या किलोचे वजन आणि दोरा न्या. रिकाम्या पिस्तुलाचा चाप चढवून, नळी आभाळाकडे उभी धरून, ते वजन चापाला टांगून उचला. चाप सुटला तर तो नियमापेक्षा हलका आहे. स्पर्धेत याच तऱ्हेने तपासतात. टाकीचे पिस्तूल असेल तर टाकीवरची तारीख वाचा. अशा टाक्यांची मुदत सहसा दहा वर्षांची असते. मुदत संपलेली टाकी धोक्याची, आणि नवी घेताना स्वस्ताईचा आनंद मावळतो. विकणारा ओळखीचा असेल तर रात्री दाबमापकाचा काटा पाहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. काटा उतरला असेल तर हवा गळते आहे. कोरे छिद्र न पडणाऱ्या जुन्या छर्ऱ्यांवर नळीची परीक्षा करू नका. सपाट तोंडाचे स्पर्धेचे छर्रे घ्या आणि हात टेकवून पाच नेम मारून पाहा. पाचही छिद्रे एकमेकांत मिसळली पाहिजेत.

पिस्तूल घरी आले की ते कुलपात जाईल, आणि पाखरांवर कोणी धरणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना बजावा. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि छर्ऱ्याने डोळा जातो. छर्रे शिशाचे असतात. त्यांची डबी स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलीला भाकरीला हात लावू देऊ नका.